परसातली कोंबडी : पाठ उघडी पडलेली पिल्ले



गेल्या पंधरवड्यात मावळातल्या एका भगिनीचे पत्र आले. बचतगटातून पैसे उचलून त्यांनी ३० पिल्ले घेतली. पिल्ले आता सहा आठवड्यांची आहेत. पाऊस असा लागला की दहा दिवस खुराड्याचे दार उघडता आले नाही. आता निम्म्या पिल्लांच्या पाठी उघड्या पडल्या आहेत, दोघांच्या शेपटीपाशी रक्त दिसते आणि परवा एक पिल्लू मेलेले सापडले. शेजारीण म्हणते, रोग शिरला आहे, मिळेल त्या भावाने काढून टाक. ताईंना हप्ता भरायचा आहे. काय करू, असे त्या विचारतात.

ताई, आधी विकायचा विचार बाजूला ठेवा. पिल्ले एकेक करून हातात घ्या आणि उघडी जागा नीट पाहा. उघडी पाठ ही दोन अगदी वेगळ्या गोष्टींची खूण असू शकते. एकीत तुम्ही काहीच करायचे नसते, दुसरीत एक दिवसही दवडायचा नसतो.

पहिली गोष्ट म्हणजे पिसे मुळात उशिरा येणे. लेगहॉर्नसारख्या हलक्या जातीच्या पिल्लाला दहा दिवसांतच इवलीशी शेपटी दिसते. अंगाने जड जातींची पिल्ले मात्र तेव्हा बिनशेपटीचीच असतात. त्यातही नर मागे राहतात. हा गुण रक्तातला आहे. उशिरा पिसे येणारी आई आणि लवकर पिसे येणारा बाप असेल, तर आईचा गुण सगळ्या नर पिल्लांत उतरतो आणि माद्या बापावर जाऊन भराभर पिसे धरतात. पिल्ले उबवणारे लोक अशा जोडीची पिल्ले पहिल्याच दिवशी पंख पसरून पाहतात आणि नर-मादी वेगळे करतात, ते याच जोरावर. तेव्हा तुमच्या उघड्या पाठीची पिल्ले बहुतेक नर असतील, कातडी गुळगुळीत असेल, तुटलेला दांडा किंवा रक्ताचा ठिपका कुठे नसेल, पिल्लू खात-पीत असेल, तर ते निरोगी आहे. थांबायचे, एवढेच.

हे मला कोणी वेळेवर सांगितले नाही. सुरुवातीच्या वर्षी मी आठ नर पिल्ले रोगट समजून पडत्या भावाने देऊन टाकली. घेणाऱ्याने ती दोन महिने सांभाळली आणि दिवाळीच्या बाजारात त्यांचे काय पैसे केले, ते मला त्यानेच हसत हसत ऐकवले. असो.

आणखी एक. साधारण पाच-सहा आठवड्यांत लव जाऊन पहिली पिसे येतात आणि सातव्या-आठव्या आठवड्यापासून तीही गळून दुसरी येऊ लागतात. त्या दिवसांत खुराड्यात पिसे पडलेली दिसली, तर घाबरू नये. आणि मान जन्मतःच उघडी असणारी कोंबडीची जात असते, तिच्या मानेला तेल चोळत बसू नये!

दुसरी गोष्ट ती पिसे उपटण्याची, आणि ताईंच्या घरी तीच चालू आहे. तिची खूण म्हणजे अर्धवट तुटलेले दांडे, रक्ताचे ठिपके, आणि शेपटीच्या बुडाशी जिथे तेलाची गाठ असते तिथली सोललेली जागा. नवे उगवणारे पीस रक्ताने भरलेले असते. ते तुटले की रक्त येते, ते एकाने चाखले की बाकीची धावतात. ज्या पिल्लांना पिसे उशिरा येतात, त्यांची कोवळी पिसे आणि कातडी जास्त दिवस उघडी राहते, म्हणून मार त्यांनाच अधिक बसतो. अशा रीतीने निरोगी पिल्लू संगतीने मरते.

उपटणारे पिल्लू कसे ओळखाल? संध्याकाळी अर्धा तास गुपचूप बसून पाहा. बहुधा ज्याची स्वतःची पाठ भरलेली आणि तुकतुकीत, तेच चोर असते.

आज संध्याकाळीच रक्त आलेली पिल्ले वेगळ्या डालग्याखाली ठेवा, दोघे-तिघे मिळून, एकटे नको. जखमेला हळद-तेल किंवा निंबोळीचे तेल लावा, नाहीतर पावसाळी दिवसांत माशा बसून किडे पडतात. लाल रंगाचे औषध लावू नका, त्यावर चोचा अधिक बसतात. चोराची वरची चोच टोकाशी नखाएवढी, रक्त येणार नाही इतकीच, नेलकटरने बोथट करा. मोठ्या फार्मवर गरम पात्याने चोची कापतात, पण परसात हिंडून किडा-मुंगी टिपणाऱ्या कोंबडीची चोच कापली, तर ती पोट कशाने भरणार?

मग जागा. ताईंचे खुराडे चार फूट बाय तीन फूट, म्हणजे १२ चौरस फूट. या वयाच्या पिल्लाला निदान एक चौरस फूट हवा. ३० पिल्लांना ३० फूट. पाऊस असेल तर ओसरीचा एक कोपरा जाळी लावून द्या, गोठ्याचा भाग द्या, पण गर्दी मोडा. खाली भाताचे तूस कोरडे ठेवा, रोज हलवा. ओल्या तुसात रक्ती हगवणही येते. मेलेल्या पिल्लाच्या अंगावर जखम नसेल आणि इतर पिल्ले पंख पाडून बसत असतील किंवा विष्ठेत रक्त असेल, तर हे पान बाजूला ठेवून सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

रात्रभर झगझगीत पांढरा दिवा ठेवू नका. सहा आठवड्यांच्या पिल्लाला ऊब पुरेशी असेल, तर दिव्याची गरज नाही. खिडकीतून कडक ऊन येत असेल, तर लाल जिलेटीनचा कागद लावा. लाल उजेडात रक्त वेगळे उठून दिसत नाही. आणि पिल्लांना उद्योग द्या. मेथी, पालक, लसूणघास यांची जुडी त्यांच्या डोक्याच्या वर टांगा, म्हणजे उड्या मारून खातील. रिकामी चोच शेजाऱ्याच्या पाठीकडे वळते.

आता खाद्याचे. माझ्या मते ताईंकडचे खरे दुखणे इथे आहे. त्या ज्वारीची कणी आणि उरलेला भात घालतात. पीस जवळजवळ सगळे प्रथिनांचेच बनलेले असते आणि ज्वारीत प्रथिने शंभरात दहाच्या आसपास. मोकळे पिल्लू किडे-वाळवी टिपून ती तूट भरून काढते. दार बंद झाले आणि तूट तशीच राहिली. कोवळ्या पिल्लाच्या खाद्यात शंभरात वीस भाग प्रथिने हवीत. घरी करायचे तर मक्याची किंवा ज्वारीची भरड ५५ किलो, भुईमुगाची पेंड २०, तिळाची पेंड ८, बिनमिठाची सुकट ८, कोंडा ६ आणि पिल्लांसाठीचे खनिज व जीवनसत्त्व मिश्रण पाकिटावरच्या प्रमाणात. पेंडेला बुरशी लागलेली नको, तिच्यातले विष पिल्लांना मारते. तिळाची पेंड मी मुद्दाम घातली आहे. पिसाला गंधक असलेली प्रथिने लागतात, ती भुईमुगात कमी आणि तिळात बरी असतात. मीठ शंभर किलोत अर्धा किलोवर नको आणि सुकट खारी असेल तर वेगळे मीठ मुळीच नको. इतके जमत नसेल तर तयार खाद्य आणा, पण त्यात निम्मा भात मिसळू नका.

शेवटी रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी आणि पिल्लांच्या पिसांची बुडे पाहा. तांबडे बारीक गोचीड किंवा उवांच्या अंड्यांचे गठ्ठे दिसले तर फटींना चुना लावा आणि चाळलेली राख-माती एका पाटीत भरून ठेवा. पिल्ले त्यात लोळून अंग साफ करतात.

जखम भरलेले पिल्लू परत सोडायचे ते रात्री, अंधारात, निदान दोघांना मिळून. पीस मुळासकट उपटले गेले असेल, तिथे काही आठवड्यांत नवे दिसेल. दांडा आत तुटून राहिला असेल तर ते गळेपर्यंत तिथे नवे येत नाही, म्हणून काही पाठी उशिरापर्यंत उघड्या दिसतील. ती पिल्ले खात असतील तर त्यांना विकू नका. ताई, महिन्याने कळवा.