तंबाखूमुक्ती केंद्र बंद पडू देऊ नका

बिडी-सिगारेट सोडण्यासाठी डॉक्टरकडे जाता येतं, ही गोष्ट अजून कितीतरी घरांत पोचलेलीच नाही. खोकला वाढला की माणूस दवाखान्यात जातो. छातीत दुखलं तर घरचे त्याला उचलून नेतात. पण ज्या धुराने हे सगळं ओढवलं, तो सोडायची वेळ आली की त्याला एकट्यावर सोपवलं जातं. ‘मनावर घे, सुटेल,’ एवढं म्हणून सगळे मोकळे होतात.

याच कामासाठी जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं उघडली गेली, दंत महाविद्यालयांतही ती आहेत. केंद्र म्हणजे काही मोठा विभाग नसतो. एक खोली, एक समुपदेशक, थोडी औषधं आणि येणाऱ्याचं नाव लिहायला एक रजिस्टर. ही खोली आपण सर्वांनी मिळून जपली पाहिजे, टिकवली पाहिजे आणि गजबजलेली ठेवली पाहिजे, एवढंच सांगण्यासाठी हा लेख आहे.

ही सोय कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केंद्र सरकारने २००२ साली देशात १३ तंबाखूमुक्ती केंद्रं सुरू केली. २००४ साली भारताने तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. व्यसन सोडू पाहणाऱ्याला उपचार मिळण्याची व्यवस्था करावी, असं त्या कराराच्या १४व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे. २००७-०८मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम आला आणि जिल्ह्याच्या पातळीवर सल्लागार, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता अशी पदं निर्माण झाली. ही पदं कंत्राटी आहेत, आणि धोका नेमका तिथेच आहे. अशी सेवा बंद करायला कोणाला हुकूम काढावा लागत नाही. कंत्राट संपतं आणि जागा भरली जात नाही. गोळ्या संपतात, नवी मागणी जात नाही. रजिस्टरमध्ये नावं कमी दिसतात, म्हणून पुढच्या वर्षी तरतूदही कमी होते. मग एक दिवस दाराला कुलूप दिसतं आणि ते का लागलं, हे विचारणारंही कोणी उरत नाही.

कुलूप लागलं तर काय हरवेल, हे समजायला आधी ते व्यसन समजून घ्यायला हवं. झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि तिथे डोपामिन सुटतं. त्याने क्षणभर बरं वाटतं, लक्ष लागतं, चिडचिड थांबते. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. वर्षानुवर्षं दिवसातून पंधरा-वीस वेळा हे घडलं की मेंदूची घडणच बदलते. अशा माणसाने बिडी बंद केली की काही तासांतच तलफ सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत अवघड. डोकं जड होतं, झोप मोडते, कामात मन लागत नाही, भूक वाढते, पोट साफ होत नाही, तोंडात फोड येतात, उगाच रडू येतं नाहीतर राग येतो. दोन ते चार आठवड्यांत हे सगळं ओसरतं. पण ते ओसरणार आहे, हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. घरच्यांनाही माहीत नसतं. मग चौथ्या दिवशी बायकोच म्हणते, ‘अहो, एवढं भांडण्यापेक्षा ओढा एखादी.’ कोणाच्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाच जण वर्षभर टिकतात. उरलेल्यांना आपण कमकुवत मनाचे ठरवतो. मधुमेह्याला आपण साखर मनाने उतरव म्हणत नाही, मग इथे सगळा भार मनावर का टाकतो?

औषधं आहेत आणि ती काम करतात. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीच्या उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत निकोटिनचा गम आणि पॅच, तसंच व्हेरेनिक्लिन, बुप्रोपिऑन आणि सायटिसिन या औषधांची शिफारस आहे. गम आणि पॅच शरीराला थोडं निकोटिन सावकाश देतात, त्यामुळे तलफेची धार बोथट होते आणि धुरातलं डांबर व कार्बन मोनॉक्साइड मात्र छातीत जात नाही. पॅच दिवसभर एकसारखं निकोटिन पुरवतो, अचानक आलेली तलफ गमने भागते. दोन्ही एकत्र वापरले तर एकट्यापेक्षा जास्त गुण येतो. व्हेरेनिक्लिनची गोळी मेंदूत निकोटिनची जागा अर्धवट अडवते, त्यामुळे तलफही कमी होते आणि चुकून झुरका घेतलाच तर त्यातली मजाही जाते. ही गोळी बिडी सोडण्याच्या आधी आठवडाभर लहान मात्रेत सुरू करतात आणि साधारण १२ आठवडे देतात. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही २०२२ साली निकोटिनच्या या उपचाराचा समावेश झाला. म्हणजे सरकारी दवाखान्यात तो मागणं हा आपला हक्क आहे.

मग औषध दुकानातून गम आणला की झालं, अशी समजूत होते. दोन मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवायही मिळतो. पण तो कसा खायचा, हे कोण सांगणार? साध्या च्युइंगमसारखा भराभर चावला की उचकी लागते, मळमळतं आणि माणूस ‘याने काही होत नाही’ म्हणून पाकीट फेकतो. तो सावकाश चावायचा, जिभेला तिखट झिणझिणी जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचा, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचा. हे अर्धा तास करायचं. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात गम असताना चहा-कॉफी घ्यायची नाही, नाहीतर निकोटिन शोषलंच जात नाही. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली बिडी लागते, त्याला दोनऐवजी चार मिलिग्रॅमचा गम लागतो आणि त्याला डॉक्टरची चिठ्ठी हवी. फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन देता येत नाही. गरोदर बाईने यातलं काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. धूर बंद झाला की काही औषधं शरीरातून पूर्वीपेक्षा सावकाश बाहेर पडतात. दम्याचं थिओफिलिन, मानसिक आजारावरचं क्लोझापिन ही त्यांतली. त्यांची मात्रा डॉक्टरला पुन्हा ठरवावी लागते. चहा-कॉफीतलं कॅफिनही जास्त वेळ टिकतं. छाती धडधडते, झोप उडते आणि सगळा दोष बिडी सोडण्यावर जातो. दोन कप कमी करा, हे सांगायला माहीतगार माणूसच लागतो.

औषधाइतकंच महत्त्वाचं असतं ते समोर बसून बोलणं. चांगला समुपदेशक आधी ऐकतो. पहिली बिडी कधी लागते? संडासला जाण्याआधी? जेवणानंतर? पाळी सुटल्यावर दोस्तांबरोबर टपरीवर? मग तो सोडण्याची तारीख ठरवायला लावतो. त्या तारखेच्या आधी घरातली बंडलं, काडेपेटी, लायटर, रक्षापात्र बाहेर काढायला सांगतो. टपरीचा रस्ता महिनाभर टाळायला सांगतो. तलफेची लाट काही मिनिटांची असते. तेवढा वेळ घोट घोट पाणी प्यायचं, दीर्घ श्वास घ्यायचे, उठून चार पावलं चालायचं आणि हाताला काहीतरी काम द्यायचं, एवढ्यावर ती ओसरते. बिडीशिवाय पोट साफ होत नाही म्हणणाऱ्याला तो सकाळी कोमट पाणी आणि जेवणात भाजी-फळं वाढवायला सांगतो. चार-पाच किलो वजन वाढू शकतं, त्याला घाबरून परत ओढू नका, हेही आधीच बजावतो. लग्नात एखादी ओढली गेली तर सगळं फुकट गेलं असं न मानता दुसऱ्या दिवशी परत या, असं म्हणणारं हक्काचं कोणीतरी असणं, हा या खोलीचा सर्वांत मोठा आधार आहे.

हा आधार सर्वांत जास्त कोणाला लागतो? महिनाभराच्या पॅचचे पैसे ज्याच्या खिशात नसतात त्याला. रोजंदारीवर जाणारा, हमाली करणारा, रिक्षा चालवणारा, शेतात राबणारा माणूस बिडी ओढतो. बिडी साधी, सिगारेटच वाईट, हा समज खोटा आहे. बिडीतूनही सिगारेटइतकंच, कधी त्याहून जास्त निकोटिन शरीरात जातं. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूचं कोणतं ना कोणतं व्यसन होतं. त्यांत धूर ओढणारे ३.८ टक्के. टक्का लहान दिसतो, पण आपल्या लोकसंख्येत तो लाखांत जातो. तंबाखू मळणारे आणि मिश्री लावणाऱ्या बायाबापड्या यांच्यासाठीही हीच खोली आहे. याच पाहणीत देशातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी सोडण्याचा विचार असल्याचं सांगितलं. म्हणजे इच्छा आहे. ज्या दारात त्या इच्छेला हात मिळायला हवा, ते दार उघडं ठेवणं आपल्या हाती आहे.

उशीर झालाय, आता काय उपयोग, असं कोणी म्हणत असेल तर त्याला हे सांगा. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या धूम्रपानाचा १९५१पासून ५० वर्षं मागोवा घेतला. आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटलं होतं. तिशीत सोडणाऱ्यांना ती जवळजवळ सगळी वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, साठीत सोडणाऱ्यांनाही तीन. साठीनंतरची तीन वर्षं म्हणजे नातवाच्या शाळेची तीन वर्षं. कोणाला ती नको असतील?

महाराष्ट्रात हे काम नेटाने करून दाखवलेलं आहे. गडचिरोलीत २०१६पासून ‘सर्च’ संस्था आणि शासन यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हे अभियान चालवलं. दारू आणि तंबाखू सोडण्याचा उपचार त्यांनी गावापर्यंत नेला. दुर्गम जंगलातल्या गावात हे होऊ शकतं, तर जिल्ह्याच्या ठिकाणी का नाही? प्रवास न जमणाऱ्यांसाठी राष्ट्रीय क्विटलाइनही आहे, १८००-११२-३५६. तंबाखूच्या पाकिटांवरच हा नंबर छापलेला असतो. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि समुपदेशक नंतर स्वतः फोन करून चौकशीही करतात. पण औषध हातात देणारी, छाती तपासणारी जागा रुग्णालयातच हवी. फोन आणि खोली एकमेकांना पूरक आहेत.

तेव्हा आता कामाला लागू या.

तुम्ही ओढत असाल, तर या आठवड्यात केसपेपर काढा आणि केंद्र कुठे आहे ते विचारा. सोडायचं पक्कं ठरलेलं नसलं तरी जा, ठरवायलाच तिथे मदत मिळते. घरात कोणी ओढत असेल, तर टोमणे बंद करा आणि त्यांच्याबरोबर जा. पहिले दोन आठवडे त्यांच्या रागाला उत्तर देऊ नका. जे सुटले आहेत, त्यांनी टपरीवरच्या जुन्या दोस्ताला हाताला धरून त्या दारापर्यंत न्यावं, त्यांच्या शब्दाला जे वजन आहे ते कुठल्याच भाषणाला नाही.

डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे. क्षयाचा, हृदयविकाराचा, मधुमेहाचा, दाताचा, कोणताही रुग्ण असो, ‘तंबाखू घेता का?’ हे विचारा, आणि उत्तर ‘हो’ आलं तर त्याला केंद्राकडे लेखी पाठवा. आशाताईंनी हा प्रश्न घरोघरी न्यावा. कारखान्यांनी आणि बाजार समित्यांनी समुपदेशकाला महिन्यातून एक दिवस आपल्याकडे बोलवावं.

आणि आपण सगळ्यांनी रुग्ण कल्याण समितीला, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना, आमदारांना चार प्रश्न लेखी विचारावेत. आपल्या जिल्ह्यात समुपदेशकाची जागा भरलेली आहे का? गम, पॅच आणि गोळ्यांचा साठा आज किती आहे? रोजंदारी न बुडवता येता येईल अशी वेळ ठेवली आहे का? सहा महिन्यांनंतर किती जण तंबाखूमुक्त राहिले, याची नोंद होते का? उत्तर येईपर्यंत विचारत राहावं आणि आलेलं उत्तर स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणावं.

जी सेवा लोक वापरतात आणि जिचा हिशेब लोक मागतात, ती बंद करण्याची कोणाची हिंमत होत नाही. आपल्या जिल्ह्यातलं केंद्र आपणच वापरू, त्याचा हिशेब आपणच मागू आणि सोडू पाहणाऱ्या एकालाही एकटं पडू देणार नाही.