बागुलबुवाचं सस्पेन्स खातं

मुलांना बागुलबुवा, चांदोमामा, दात नेणारा उंदीर असल्या थापा सांगू नयेत. थाप उघडी पडली की मूल पुढे देवालाही थापच समजतं, असं एक मत हल्ली सुशिक्षित घरांतून फार ऐकू येतं. माझा या मताला सक्त विरोध आहे.

ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती आम्ही बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतो. कायमची नव्हे, हिशेब लागेपर्यंत. बागुलबुवाचं खातं नेमकं तसंच. वेळ आली की मूल ते आपणहून बंद करतं. पडलेला दात आम्ही पामला कौलांवर फेकून उंदराकडे नवा मागत असू. नवा दात येई. पण पावती उंदराच्या नावे फाडायची नसते, हे कळायला कुणाला शिकवणी लावावी लागली नाही. १९६९च्या जुलैत माणूस चांदोमामाच्या अंगावर चालून आला, २३ ऑगस्ट २०२३ला आपलं चांद्रयानही तिथं उतरलं. म्हणून कुठल्या आईनं घास भरवताना चंद्र दाखवायचं सोडलं? त्याच १९६९ साली आमच्या शेजारी तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झालं, तरी नंतर जन्मलेल्या आम्हांला बागुलबुवा माळ्यावर भेटलाच!

तेव्हा श्रद्धेचा घात बागुलबुवा करीत नाही. करतात ते देवाला बागुलबुवाच्या जागेवर नेमणारे. ‘खोटं बोललास तर बाप्पा कान कापेल’, ‘पानात टाकलंस तर देव शिक्षा करील’, हे कोण बोलतं? आपणच ना? त्यात सत्यनारायणाच्या कथेत प्रसाद टाकून गेल्याबद्दल जावयासकट नौका बुडते. ते ऐकून पोर शिऱ्याकडे पोलिसाकडे पाहावं तसं पाहतं. पुढे खोटं बोलूनही कान जागच्या जागी राहतात. मग पोर दोन्ही खाती एकदम बंद करतं. आता यात बागुलबुवाचा काय दोष?

बरं, मुलांना थापा पचतात. पचत नाहीत त्या मोठ्यांना. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो म्हणून चमचे घेऊन देवळांपुढे ज्या रांगा लागल्या, त्या काय बालवाडीनं लावल्या होत्या? शास्त्रज्ञ बिचारे पृष्ठताण समजावीत राहिले!

तर मंडळी, बागुलबुवाला माळ्यावर सुखानं नांदू द्या. देवाला मात्र त्या नोकरीतून मोकळं करा. धाकानं उघडायला लावलेल्या खात्यात कुणी मनापासून भरणा करीत नाही, हे कुठलाही कारकून सांगेल.