मीटर पळतो तो पाण्याने की हवेने?

मार्केट यार्डात तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि शंका आली तर शेतकरी हक्काने फेरतोल मागतो. नळावरच्या मीटरकडे मात्र आपण बिलावरून वाद होईपर्यंत पाहतही नाही. पुणे महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत असे मीटर शहरभर बसवले जात आहेत. घरगुती पाणीपट्टी मिळकतकरातून जाते तोवर आकड्याचे कुणाला काही वाटत नाही. बिल मीटरवर आले, की ‘पाणी जोरात आले आणि मीटर पळाला’ ही तक्रार गुलटेकडी-बिबवेवाडीत घरोघरी ऐकू येईल.

ती अर्धीच खरी आहे. भारतीय मानक ७७९ नुसार १५ मिलिमीटरच्या मीटरची कमाल मर्यादा ताशी ३ घनमीटर, म्हणजे मिनिटाला ५० लिटर. तिथपर्यंत नव्या मीटरची चूक अधिक-उणे २ टक्क्यांत राहिली पाहिजे. नुसत्या जोराने आकडा दुप्पट होत नाही. मात्र पाणी ठरावीक तासच येते, टाकीचा नळ सताड उघडा असतो, त्यात कुणी नळाला थेट मोटार लावतो (ती बेकायदा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते). रोज मर्यादेबाहेर फिरून आतला पंखा आणि त्याचा आस झिजतो. झिजलेला मीटर सहसा कमी मोजतो, तोटा पालिकेचा.

ग्राहकाला फटका बसतो तो हवेचा. पुरवठा बंद असताना रिकाम्या झालेल्या वाहिनीत हवा भरते. पाणी सुटले की ती पुढे ढकलली जाते, पंखा गरगर फिरवते आणि पाणी म्हणून मोजली जाते. अल्ट्रासोनिक मीटरला पंखा नसतो, त्यामुळे झीज नाही. पण बुडबुड्यांमुळे त्याच्या ध्वनिलहरींत अडथळा येतो.

घरी ढोबळ तपासणी करता येते. मीटरचा आकडा टिपून १,००० लिटरची रिकामी टाकी भरा. ती वीस मिनिटांच्या आत भरली, तर प्रवाह १५ मिलिमीटरच्या मीटरच्या मर्यादेबाहेर आहे. पाणी येण्याआधीच आकडे फिरू लागले, तर ती हवा.

म्हणून पहिले बिल काढण्याआधी पालिकेने वाहिन्यांवरचे हवा सोडणारे व्हॉल्व्ह दुरुस्त करावेत, सोसायट्यांना प्रवाह पाहून योग्य आकाराचा मीटर द्यावा आणि तक्रार आली तर ग्राहकासमोर मीटर तपासावा. यार्डातला फेरतोलही शेतकऱ्यासमोरच होतो.