न झालेल्या लढतीत बायका कुठे?

जो लुई ऐन भरात असताना त्याच्यासमोर ऐन भरातला मुहम्मद अली उभा राहिला असता, तर कोण आडवं झालं असतं? रॉकी मार्सियानोचा तो उजव्या हाताचा ठोसा माइक टायसनने झेलला असता का? बॉक्सिंगचं वेड असलेले चार पुरुष एकत्र आले की हा विषय निघतोच. आणि निघाला की ताटातलं अन्न गार होतं, आवाज चढतात, जणू निकाल आज रात्रीच लागायचाय!

आता तुम्ही म्हणाल, या ठोसेबाजीचा आपल्याशी काय संबंध? आहे. मला स्वतःला हा खेळ मनापासून आवडतो. गावसकर की तेंडुलकर, नूरजहाँ की लता, हे आपण करत बसतोच ना? त्यात वाईट काहीच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या काल्पनिक लढतींत मी आजवर एकाही बाईचं नाव ऐकलेलं नाही.

या खेळातला सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेत झाला. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वोरोनर नावाच्या रेडिओवाल्याने जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकात भरली आणि त्यांची काल्पनिक स्पर्धा रेडिओवर लावली. त्यात अली हरला, तोही जिम जेफ्रीजकडून. अली भडकला आणि त्याने दहा लाख डॉलर्सचा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली, की अली आणि मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर खोटं खोटं लढायचं. १९६९ मध्ये त्याचं चित्रीकरण झालं. व्हिएतनाम युद्धावर जायला नकार दिल्यामुळे अलीचं विजेतेपद तेव्हा काढून घेतलेलं होतं, रिंगणात उतरायची बंदी होती. मार्सियानो पंचेचाळिशीचा. त्याने वीसेक किलो वजन उतरवलं आणि विरळ झालेल्या केसांवर चक्क टोप घातला. (बाईने केस रंगवले की हसणाऱ्यांना हे जरूर सांगा.) चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ ला, मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये फिल्म थिएटरांत लागली. अमेरिकेत तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवलेल्या फिल्ममध्ये मात्र अली! म्हणजे संगणकालासुद्धा प्रेक्षक बघून बोलता येतं.

पण त्या संगणकाला भरवायला काहीतरी होतं, हे महत्त्वाचं. मार्सियानोच्या ४९ लढती आणि ४९ विजय लिहून ठेवलेले होते, फिल्म होत्या, वार्ताहरांची वर्णनं होती. बायकांच्या बाबतीत काय भरवणार?

बार्बरा बट्रिक ही इंग्लंडमधली जेमतेम चार फूट अकरा इंच उंचीची मुलगी. १९४०च्या दशकाच्या शेवटी जत्रेतल्या तंबूंत बॉक्सिंग करायची, वेळ पडली तर पुरुषांशीसुद्धा. पुढे ती अमेरिकेत गेली आणि १९५७ मध्ये टेक्सासात फिलिस कुगलरला हरवून जगज्जेती झाली. तिच्या मायदेशात मात्र बाईला व्यावसायिक बॉक्सिंगचा परवाना मिळायला १९९८ उजाडलं. तोही जेन काऊच लवादापुढे भांडली म्हणून. परवाना नाकारणाऱ्या मंडळाचा एक मुद्दा काय होता माहितेय? मासिक पाळीच्या आसपास बायकांचं मन थाऱ्यावर नसतं! हे १९९८ मध्ये, वकील लावून, गंभीर चेहऱ्याने मांडलं गेलं. लवादाने ते उडवून लावलं, पण तोवर किती जणींची उमेदीची वर्षं गेली असतील?

आपल्याकडे मेरी कोमचं उदाहरण घ्या ना. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या आधी ती पाच वेळा जगज्जेती झालेली होती. पण ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बॉक्सिंगच नव्हतं. आलं तेव्हा तीनच वजनी गट ठेवले, सगळ्यात खालचा ५१ किलोचा. मेरी खेळायची ४६-४८ किलोत. वरच्या गटात जाऊन, आपल्यापेक्षा थोराड मुलींशी लढून तिने कांस्य आणलं. उपांत्य फेरीत तिला इंग्लंडच्या निकोला अ‍ॅडम्सने हरवलं आणि पुढे तीच सुवर्ण घेऊन गेली. आता मला सांगा, २००८ च्या बीजिंगमध्ये ४८ किलोचा गट असता तर? ही ‘न झालेली लढत’ अली-मार्सियानोपेक्षा कमी रंगतदार आहे का? ते दोघं वेगवेगळ्या काळात जन्मले, त्याला कुणाचा इलाज नव्हता. मेरीचा दरवाजा माणसांनी बंद ठेवला होता.

‘बायकांच्या लढतीच कमी, तुलना कशी करणार?’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. अहो, कमी का, ते तरी विचारा! आणि दर्जाचं म्हणाल, तर ख्रिस्ती मार्टिनची मार्च १९९६ ची लास व्हेगासमधली लढत पाहा. मुख्य लढत टायसनची, पण दुसऱ्या दिवशी लोक बोलत होते ते नाकातून रक्त वाहत असताना डिअर्ड्रे गोगार्टीला हरवणाऱ्या ख्रिस्तीबद्दल. त्याच काळात हॉलंडची लुशिया रायकर होती. १७ लढती, एकही हार नाही. दोघींची गाठ ३० जुलै २००५ ला पडणार होती आणि जिंकणारीला दहा लाख डॉलर्स मिळणार होते. थोडेच दिवस आधी रायकरच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि लढत रद्द झाली ती कायमची. पुढे २०२० च्या मानकऱ्यांत आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेमने पहिल्यांदाच बायका बॉक्सर निवडल्या, त्यात या दोघी आणि बट्रिक होत्या.

तेव्हा पुढच्या वेळी घरात वाद रंगला, की भजी तळून देऊन आत जाऊ नका. तिथेच खुर्ची ओढून बसा आणि हा जोड लावा. दहा फेऱ्या, प्रत्येकी दोन मिनिटांच्या. ख्रिस्ती पहिल्या चार फेऱ्या अंगावर धावून जाईल, घाव घेईल, घाव देईल. पण रायकर किक-बॉक्सिंगमधून आलेली, पावलांनी चलाख, पोटावर मारण्यात पटाईत. माझं मत रायकरला, आठव्या फेरीत. तुमचं काय?