फवारणीची नोंद मजुराच्या खिशात हवी

कीटकनाशक किती विकले याचा हिशेब कंपनीकडे असतो. कोणत्या दुकानातून गेले याची बिले कृषी केंद्राकडे असतात. ते कोणाच्या अंगावर पडले, याची नोंद मात्र कोठेच नसते. वडनेर भोलजीच्या शिवारात काय किंवा साऱ्या नांदुरा-मलकापूर पट्ट्यात काय, कपाशीची फवारणी दर हंगामात होते. संध्याकाळी मजूर पंप धुतो, मजुरी घेतो आणि घरी जातो. रात्री उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, ‘काय मारलं होतं?’ घरचे लोक सांगतात, ‘निळ्या डब्यातलं औषध.’ एवढ्यावर उपचार होत नाहीत.

कायदा नाही असे मात्र नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांत सारे लिहून ठेवले आहे. फवारणीच्या कामावरील माणसाची कामापूर्वी वैद्यकीय तपासणी, पुढे वर्षातून दोनदा तपासणी, त्या तपासणीची ठराविक नमुन्यात नोंद, संरक्षक कपडे, प्रथमोपचार, प्रशिक्षण. वाचून वाटावे की मजुराची केवढी काळजी! पण त्याच कायद्याचे कलम ३८ पाहा. स्वतःच्या कसणुकीतील जमिनीवर कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे वाळवी मारणारी शहरातली कंपनी कायद्यात आणि दहा एकर कपाशी फवारणारे वावर कायद्याबाहेर. जेथे सर्वांत जास्त माणसे विषाशी झोंबतात, नेमके तेथेच कागद कोरा.

कारखान्याचे उदाहरण घ्या. १९८४ साली भोपाळ घडले. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक रसायनांशी काम करणाऱ्या कामगाराची आरोग्यनोंद ठेवणे मालकावर बंधनकारक झाले. ती नोंद पाहण्याचा हक्कही कामगाराला मिळाला. शेतातल्या मजुरापर्यंत हे पोचले नाही.

याची किंमत २०१७ साली यवतमाळने मोजली. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे गेली, सुमारे ८०० जण दवाखान्यात दाखल झाले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधे एकत्र केलेली. सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. त्या बंदीच्या जिल्ह्यांत आपला बुलडाणाही होता. पण मजुराने नेमके काय मारले होते, किती तास, किती दिवस सलग, हे बहुतेक ठिकाणी कोणालाच सांगता आले नाही. मग बोट दाखवायला सोपी जागा उरली. मजुराने मास्क लावला नाही, शेतकऱ्याने प्रमाण चुकवले. तोंडी गोष्ट तोंडीच उडवता येते.

पुढे पीडितांनी दाद मागितली तेव्हा कागदाचे मोल कळले. पोलिसांच्या नोंदींत ‘पोलो’ या औषधाशी जोडलेली ९६ प्रकरणे सापडली. त्यांच्या आधारे २०२० साली ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार गेली आणि २०२१ मध्ये बाझलच्या न्यायालयात दावा दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली. निकालाचे काहीही होवो, यवतमाळच्या वावरातले प्रकरण तेथवर पोचले ते कोणीतरी औषधाचे नाव लिहून ठेवले म्हणून.

उपचारालाही नाव लागते. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या विषावर अ‍ॅट्रोपीनचा उतारा आहे. पोलोमधील डायफेनथियुरॉनला खास उतारा नाही, लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. डॉक्टरला नाव कळले नाही तर तो अंधारात चाचपडतो.

येथे आपल्यातले अनेक कास्तकार म्हणतील, ‘आधीच भाव नाही, आता रजिस्टर ठेवा आणि इन्स्पेक्टरला दाखवा!’ ही शंका रास्त आहे. परवाने आणि रजिस्टरे यांनी शेतकऱ्याचे कधी भले झालेले नाही. म्हणून आपण मागतो ती नोंद सरकारी रजिस्टर नव्हे, तपासणीला दाखवायचा कागदही नव्हे. अमेरिकेत १९९३ पासून निर्बंधित कीटकनाशक वापरणाऱ्या शेतकऱ्याला १४ दिवसांत नोंद करावी लागते, ती दोन वर्षे जपावी लागते आणि डॉक्टरने मागितली तर द्यावी लागते. पण तेथे शेत मोठे आणि मालक एक. आपल्याकडे उलटे आहे. एकच मजूर आठवड्यात पाच मालकांच्या वावरात पंपामागे पैसे घेऊन फवारतो. प्रत्येक मालकाच्या हिशेबी तो एकच दिवस, मजुराच्या रक्तात मात्र पाच दिवसांचे विष. ऑर्गनोफॉस्फेटने घटलेले कोलिनेस्टरेज भरून यायला आठवडे लागतात. पाच मालकांच्या पाच वह्या असल्या तरी ही बेरीज कोणीच करणार नाही. म्हणून नोंद मजुराबरोबर फिरली पाहिजे.

खिशात मावेल असे एक कार्ड पुरे. तारीख, शेतमालकाचे नाव, औषधाचे नाव व त्यातील घटक, बॅच नंबर, डब्यावरील त्रिकोणाचा रंग, किती पंप, किती वेळ, काही त्रास झाला का. शेतमालकाने लिहावे आणि सही करावी. दोन मिनिटांचे काम आहे. मजुराला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे. सलग तीन दिवस लाल त्रिकोण दिसला तर चौथ्या दिवशी त्याच्या हाती पंप देऊ नये. पक्के बिल आणि रिकाम्या डब्यावरचे लेबल हंगाम संपेपर्यंत मालकाने जपावे. उद्या आरोप झाला तर हाच कागद शेतकऱ्यालाही वाचवील. औषध लेबलाप्रमाणे मारूनही माणूस पडला, तर उत्तर द्यायची पाळी कंपनीची.

सरकारकडे मात्र ठणकावून मागायचे ते असे. कायद्याच्या कलम २६ मध्ये विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्याला आहे. तो वापरून जिल्ह्यातील सरकारी व खाजगी डॉक्टरांना ते लागू करावे. हंगामात ग्रामीण रुग्णालयात कोलिनेस्टरेजची तपासणी मोफत व्हावी. आणि गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत खातेदार शेतकरी व त्याच्या घरचा एक जण बसतो, भूमिहीन मजूर बसत नाही. फवारणीचे विष सातबारा पाहून चढत नाही. मजुरालाही तेवढीच दोन लाखांची मदत मिळाली पाहिजे.

जिल्हा बैठकीत या तीन मागण्यांचा ठराव मांडावा. कार्डासाठी ठरावाची वाट पाहू नये. प्रत्येक गावशाखेने पहिल्या फवारणीपूर्वी ती छापून घ्यावीत आणि पहिली सही शाखाप्रमुखाने आपल्याच मजुराच्या कार्डावर करावी.