खोक्यातील सक्ती आणि हातातील निवड

व्हिडिओ गेमचे कन्सोल आणि त्यासोबत मिळणारे कंट्रोलर हा विषय या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. नांदेड-लातूरच्या भागात पाण्याचा, पीकविम्याचा, बेकारीचा प्रश्न आ वासून उभा असताना श्रीमंतांच्या पोरांच्या खेळण्यांची चर्चा हवी कशाला? शंका रास्त आहे. पण बाजाराची रीत लहान वस्तूत जितकी उघडी पडते तितकी मोठ्या वस्तूत पडत नाही. माणसाला हवी असलेली एक वस्तू देताना नको असलेल्या दोन वस्तू त्याच्या गळ्यात बांधायच्या, आणि त्या बंधनालाच 'सवलत' म्हणायचे, ही ती रीत होय. कन्सोलच्या खोक्यात ती जशी दिसते तशीच ती खताच्या दुकानातही दिसते. म्हणूनच या विषयाची दखल घेणे आम्हांला आवश्यक वाटते.

आधी वस्तुस्थिती पाहू. कन्सोल म्हणजे दूरदर्शन संचाला जोडून खेळण्याचे यंत्र. ते विकताना त्यासोबत एखादा खेळ, कंट्रोलर, कधी कधी आणखी काही उपकरणे एकाच खोक्यात घालून विकली जातात. या जोडविक्रीला यंत्राइतकाच जुना इतिहास आहे. १९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारीच्या यंत्राबरोबर 'कॉम्बॅट' हा खेळ दिला जात असे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसेटवाले व्हिडिओ गेम आले, ते बहुतांशी जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या नकला होत्या. कॅसेटवर हजारो-लाखो खेळांचा आकडा छापलेला असे आणि आत मोजकेच खेळ पुन्हा पुन्हा मोजलेले असत. सोबत दोन कंट्रोलर आणि एक बंदूक. फसवणूक होती ती आकड्याची. पण दोन भावंडांना एकत्र बसून खेळता येईल एवढी सोय तरी त्या खोक्यात होती.

मूळ फॅमिकॉममधील एक तपशील बोलका आहे. १९८३ सालच्या त्या यंत्राला दोन कंट्रोलर कायमचे जोडलेले होते. पैकी दुसऱ्यावर खेळ सुरू करण्याचे व थांबवण्याचे बटणच नव्हते. म्हणजे खेळायचे दोघांनी, पण खेळ केव्हा सुरू व्हायचा आणि केव्हा थांबायचा हे ठरवायचे पहिल्याने! ज्याच्या हाती दुसरा कंट्रोलर आला त्याची गत काय होते, हे मराठवाड्याला खेळाच्या बाहेरही चांगले ठाऊक आहे.

कंट्रोलर ही वरवर क्षुल्लक वाटणारी वस्तू. परंतु खेळणाऱ्याचा यंत्राशी जो काही संबंध येतो तो तिच्याच द्वारे. कुणाला दोन्ही दांड्या समोरासमोर असलेला कंट्रोलर सोयीचा वाटतो, कुणाला वरखाली असलेला. कुणाचा पंजा मोठा, कुणाचा लहान. मारामारीच्या खेळात मुरलेला खेळाडू जुन्या पार्लरमधल्यासारखी मोठी दांडी मागतो, तर संगणकावर शिकलेल्याला कळफलक आणि माऊसच हवा असतो. ही लहर नव्हे. विळा, खुरपे, वस्तरा किंवा तबला ज्याच्या त्याच्या हाताला बसावा लागतो, तसेच हे आहे. कारागिराच्या हत्याराची मूठ त्याच्या हाताने घडते हे सत्य आपल्या गावच्या सुताराला ठाऊक होते. प्रचंड भांडवल बाळगणाऱ्या कंपन्यांना ते अनुभवाने शिकावे लागले. मायक्रोसॉफ्टने २००१ साली आपल्या पहिल्या यंत्राबरोबर दिलेला कंट्रोलर इतका अवजड होता की जपानच्या बाजारासाठी कंपनीला लहान आकाराचा वेगळा कंट्रोलर काढावा लागला; आणि पुढे तोच इतर देशांतही रूढ झाला. हात माणसाचा होता, तो बदलणार नव्हता. बदलावे लागले ते यंत्राला.

याच कंपनीचे दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. २०१३च्या नोव्हेंबरात तिने 'एक्सबॉक्स वन' हे यंत्र बाजारात आणले, ते 'कायनेक्ट' नावाच्या कॅमेऱ्यासह. शरीराच्या हालचाली आणि आवाज ओळखणारे हे उपकरण ज्याला नको असेल त्यालाही घ्यावेच लागे. ते वगळून यंत्र मिळत नसे. किंमत ४९९ डॉलर. प्रतिस्पर्धी सोनीचे यंत्र ३९९ डॉलरला मिळत होते. ग्राहकांनी नापसंती बोलून दाखवली आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दुसरे यंत्र घेऊन ती कृतीत आणली. अवघ्या सात महिन्यांत, जून २०१४ मध्ये, कंपनीने कॅमेऱ्याविना यंत्र ३९९ डॉलरला विक्रीस ठेवले. त्यानंतर कायनेक्टला उतरती कळा लागली आणि २०१७ साली त्याचे उत्पादनच थांबले. सक्ती उठताच वस्तूची खरी मागणी किती होती हे उघड झाले. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही: ग्राहक तेथे जिंकले, कारण त्यांच्यापुढे दुसरे दुकान होते. जेथे दुसरे दुकानच नाही तेथे काय?

आता आपल्या परिस्थितीकडे वळू. सोनीचे 'प्लेस्टेशन ५' भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. चकतीवाल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये. खोक्यात कंट्रोलर एकच. दुसरा हवा असेल तर ५,९९० रुपये वेगळे. घरात जुन्या यंत्राचे कंट्रोलर असले तरी नव्या यंत्राचे खेळ त्यांवर चालत नाहीत. हे तांत्रिक अपरिहार्यतेतून घडते असे म्हणावे, तर त्याच सुमारास आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावर मागच्या पिढीचे कंट्रोलर चालतात. त्या वर्षी महाराष्ट्रात केंद्राच्या रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. म्हणजे दुसऱ्या भावंडाला खेळात घ्यायचे तर चोवीस दिवसांची मजुरी, आणि यंत्र घ्यायचे तर सुमारे दोनशे दिवसांची! ज्या योजनेची मूळ कल्पना १९७२च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने देशाला दिली, तिच्या हमीचे वर्षाचे दिवसच मुळी शंभर होते. आणि ज्याने पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले, त्यालाही पहिली दोन वर्षे टंचाईला तोंड द्यावे लागले. टंचाई आली की विक्रेत्याच्या हाती चाबूक येतो. नुसते यंत्र 'शिल्लक नाही', पण दोन खेळ आणि एक जादा कंट्रोलर घेतला तर 'आहे', हा अनुभव त्या काळात देशभरच्या ग्राहकांनी घेतला.

येथे विरोधी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जोडविक्री नेहमीच लबाडी असते असे नाही. यंत्र आणि खेळ सुटे घेतल्यास जास्त पैसे पडतात आणि एकत्र घेतल्यास कमी, तेव्हा ज्याला दोन्ही हवे त्याचा फायदाच होतो. पहिलटकर खेळाडूला कोणता कंट्रोलर घ्यावा हेच कळत नसते; त्याला तयार संच सोयीचा. अशा संचाला आमचा आक्षेप नाही. आमची कसोटी साधी आहे. सुटी वस्तू तिच्या रास्त किमतीला शेजारीच ठेवली आहे काय? ठेवली असेल तर संच ही सवलत आहे. लपवली असेल तर ती सक्ती आहे. थाळी स्वस्त असावी, पण नुसती भाकरी मागणाऱ्याला खानावळीतून हाकलून देता कामा नये.

ही कसोटी हाती घेऊन आता मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूरच्या बाजारात चला. मृगाचा पाऊस पडतो, पेरणीचे मोजके दिवस हाताशी असतात, आणि डीएपीच्या एका गोणीसाठी शेतकरी रांगेत उभा राहतो. पन्नास किलोच्या गोणीची किंमत १,३५० रुपये. युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. परंतु सोबत नको असलेले विद्राव्य खत, संजीवक किंवा 'नॅनो'ची बाटली घेतल्याखेरीज गोणी मिळत नाही. याला आपल्या भागात 'लिंकिंग' म्हणतात, आणि दर खरिपात ही तक्रार कानी येते. दुकानदाराला विचारावे तर तो वरच्या पुरवठादाराकडे बोट दाखवतो. त्याच्याही माथी तो माल मारलेला असतो. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून अनुदानित खतांबरोबरची ही सक्तीची विक्री थांबवण्यास सांगितले. पत्र लिहावे लागले यातच रोगाची कबुली आहे. कन्सोल घेणारा तरुण रागावून घरी परत जाऊ शकतो, वर्षभर थांबू शकतो. पेरणी थांबत नाही. म्हणून खोक्यातील सक्ती जिथे चीड आणते, तिथे गोणीतील सक्ती कर्ज वाढवते.

दोन्ही सक्तींविरुद्ध कायदा एकच आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९६९च्या मक्तेदारीविरोधी कायद्याने सशर्त जोडविक्रीला निर्बंधक व्यापारी प्रथा मानले होते. तो कायदा २००९ साली रद्द झाला. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, एक वस्तू मिळण्यासाठी दुसरी घेणे ही पूर्वअट घालणे म्हणजे निर्बंधक व्यापारी प्रथा, अशी व्याख्या स्पष्ट शब्दांत आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा गुरुग्रामला, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नांदेड वा लातूरलाच, तक्रार दाखल करता येते. एकाच गाऱ्हाण्याचे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊ शकतात. सत्तरच्या दशकात बिंदुमाधव जोशी यांच्यासारख्यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली ती याच श्रद्धेने, की सुटा ग्राहक दुबळा असला तरी संघटित ग्राहक दुबळा नसतो.

आणखी एका वर्गाचा विचार केल्याविना हा विषय पुरा होत नाही. ज्याच्या एका हातात बळ नाही, ज्याची बोटे वळत नाहीत, त्याच्यासाठी खोक्यातला ठरावीक कंट्रोलर म्हणजे बंद दारच. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने आणि २०२३च्या डिसेंबरात सोनीने अपंगांसाठी जुळवून घेता येणारे कंट्रोलर काढले. मोठी बटणे, पायाने दाबायचे खटके, प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे मांडणी, असे त्यांचे स्वरूप आहे. अर्थात ते वेगळे विकत घ्यायचे. म्हणजे ज्याला खोक्यातला कंट्रोलर मुळीच वापरता येत नाही त्याने त्याचेही पैसे भरायचे आणि वर दुसऱ्याचेही. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४३वे कलम सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या निर्मितीस व वितरणास प्रोत्साहन देण्याची जबाबदारी शासनावर टाकते. ती कागदावरच राहिली आहे.

खेळ ही चैन आहे, तिच्यासाठी शासनाने का झटावे, असे म्हणणारेही भेटतील. त्यांना आम्ही एवढेच सांगू की बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील ३१वे कलम खेळाला मुलाचा हक्क मानते आणि १९९२ साली भारताने तो करार स्वीकारला आहे. शिकवणी वर्गांसाठी गावोगावची हजारो मुले जेथे खोल्या करून राहतात, त्या लातूर-नांदेडात तर मुलांच्या मोकळ्या तासाची किंमत अधिकच मोठी. आज त्यांच्यातील बहुतेकांच्या वाट्याला मोबाइलची काच आणि दोन अंगठे एवढेच येते. २०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ते योग्यच झाले. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली आहे. मान्यता दिली तर साधनेही सर्वांच्या आवाक्यात आणली पाहिजेत.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. संचाच्या खोक्यावर आतील प्रत्येक वस्तूची सुटी किंमत छापणे बंधनकारक करावे. संच विकणाऱ्याने सुटे यंत्रही विक्रीस ठेवावे, आणि कंट्रोलरविना यंत्र मागणाऱ्याला तेवढी किंमत वजा करून द्यावी. कंट्रोलरचे सुटे भाग गावच्या कारागिराला मिळावेत, म्हणजे एक दांडी बिघडली म्हणून सहा हजारांची वस्तू कचऱ्यात जाणार नाही. जिल्हा क्रीडा संकुलांत आणि सार्वजनिक ग्रंथालयांत अपंगांना वापरता येतील अशा कंट्रोलरांसह एखादे यंत्र ठेवावे. आणि खरिपाच्या आधी कृषी विभागाने लिंकिंगची तपासणी करताना केवळ कोपऱ्यावरच्या दुकानदारावर नव्हे, तर त्याच्या माथी माल मारणाऱ्या कंपनीवर कारवाई करावी.

लहान गोष्टीत सक्ती सोसण्याची सवय लागली की मोठ्या गोष्टीतील सक्ती अंगवळणी पडते. ज्या तरुणाने खेळाच्या दुकानात 'मला एवढेच हवे, बाकीचे नको' असे ठामपणे म्हणायला शिकावे, त्यानेच उद्या आपल्या वडिलांबरोबर खताच्या दुकानात उभे राहून तेच वाक्य उच्चारावे. पावती मागावी, ती जपून ठेवावी, आणि दहा जणांना बरोबर घेऊन आयोगाची पायरी चढावी. कायदा आपल्या बाजूने आहे. तो वापरणारे हात तेवढे हवेत.