तीन ओळींत हरवलेला आजार

तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घसरतात आणि मूत्रपिंडे काम करेनाशी होतात. या तीन गोष्टी एका रुग्णात दिसल्या की हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, म्हणजे एचयूएस, आठवायलाच हवा. डिस्चार्ज कार्डावर मात्र त्या तीन सुट्या ओळी होऊन उतरतात : ॲनिमिया, थ्रॉम्बोसायटोपेनिया, ॲक्यूट किडनी इंज्युरी. रेकॉर्ड विभागातला कोडर आयसीडीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचे, कोड डी६४.९, डी६९.६ आणि एन१७.९ टाकून फाइल बंद करतो. निदान करणे हे त्याचे काम नाही, तेव्हा त्याला बोल लावू नये. ओळी आपण डॉक्टरांनी लिहिल्या होत्या.

निपाणी-बेळगाव पट्ट्यात हे अधिक महागात पडते. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. त्यामुळे एकाच रुग्णाचे कागद कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, बेळगावच्या केएलईत, तिथल्याच बिम्समध्ये आणि मिरजेला विखुरलेले असू शकतात. इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, तिकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही दुसरी योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचे महाराष्ट्राने २०२३ मध्ये ठरवले, कर्नाटकाने हरकत घेतली. त्या वादात इथे शिरत नाही. पॅकेजचे क्रमांक दोन्ही राज्यांचे निराळे, सरकारी भाषाही निराळी. आयसीडीचा कोड तेवढा दोन्हीकडे तोच.

तो कोडही पुरेसा नाही, हे मान्य करू. आयसीडी-१० मध्ये एचयूएस रक्ताच्या प्रकरणात, डी५९.३ खाली आहे. त्याची जवळची बहीण थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा, म्हणजे टीटीपी, एम३१.१ खाली, चक्क सांधे-स्नायूंच्या प्रकरणात. जुलाबानंतरचा ‘टिपिकल’ एचयूएस आणि कॉम्प्लिमेंट बिघडल्याने होणारा अटिपिकल एचयूएस, दोन्ही एकाच खणात. अमेरिकेने आपल्या आवृत्तीत ऑक्टोबर २०२२ पासून संसर्गजन्य, आनुवंशिक आणि इतर असे भाग केले. आपल्याकडे ही फोड कोडमध्ये नाही, म्हणून ती शब्दांत लिहावी लागते. अटिपिकल एचयूएसचा ऑर्फानेट क्रमांक २१३४ आहे; कार्डावर तोही टाकता येतो.

भारतात या फोडीला विशेष अर्थ आहे. अटिपिकल एचयूएस झालेल्या आपल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांत फॅक्टर एच-विरोधी अँटिबॉडी सापडतात. आधी जुलाब झाले होते एवढ्यावरून ‘टिपिकल’ म्हणून सोडून देणे इथे धोक्याचे. अँटिबॉडी वेळेत कळल्या तर प्लाझ्मा एक्स्चेंज आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांनी मूत्रपिंडे वाचू शकतात. एक्युलिझुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली, पण त्याची किंमत आपल्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे.

नोंद हुकल्याचा खरा फटका पुढे कधीतरी बसतो. रुग्ण कायमच्या डायलिसिसवर जातो, कार्डावर एन१८ आणि ‘कारण अज्ञात’ येते. मग प्रत्यारोपणाची बोलणी सुरू होतात. अटिपिकल एचयूएस नव्या मूत्रपिंडातही उलटू शकतो, कधी कधी आई किंवा भाऊ आपले मूत्रपिंड देऊन बसल्यानंतर. प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती पहिल्या आजारपणाचे नावच नसेल, तर त्यांनी सावध व्हावे तरी कशावरून?

उलट टोकही नको. फुटक्या पेशी दिसल्या की डी५९.३, असे करून चालणार नाही. उसाच्या फडात घोणस चावलेल्या माणसातही हेच चित्र दिसू शकते, तिथे टी६३.० आधी यायला हवा. बाळंतिणीत हेल्प सिंड्रोमचा, तापाच्या रुग्णात डेंग्यू आणि लेप्टोचा विचार आधी. क्लेम बसावा म्हणून कोड वळवणे ही तर सरळ लबाडी आहे.

तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना विनंती एवढीच. पेरिफेरल स्मिअरमध्ये शिस्टोसाइट दिसले का, एलडीएच किती, कूम्ब्स निगेटिव्ह आहे का, हे कार्डावर लिहा. ॲडॅम्ट्स-१३ आणि फॅक्टर एच अँटिबॉडीसाठी रक्त प्लाझ्मा देण्यापूर्वी काढा, आणि काढल्याची तारीख-वेळ नोंदवा. नंतरचा रिपोर्ट दिशाभूल करतो. रिपोर्ट यायचा असेल तर ‘एचयूएस, कारण तपासाधीन’ असे लिहा आणि रिपोर्ट आल्यावर रेकॉर्ड विभागाला कळवून नोंद दुरुस्त करून घ्या. कार्डाची एक प्रत रुग्णाच्या घरच्यांकडे द्यायला विसरू नका.